मशीन कुठलं, सन कुठला

जुनी वस्तू दुरुस्तीला नेली की दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला: "मॉडेल कुठलं?" मिक्सर असेल तर बुडाशी चिकटवलेली पट्टी तरी असते (निम्मी पुसलेली, पण असते). पंख्याच्या मोटरवर पत्रा असतो. जुन्या शिलाई मशीनचं मात्र अवघड आहे. शंभरेक वर्षांपूर्वीचं काळं सिंगर मशीन समोर घेऊन बसलात, तर कंपनीचं नाव दोन-तीन ठिकाणी सापडेल, पण मॉडेलचा आकडा बहुतेक कुठेच सापडणार नाही. कंपनीने तो लिहिलेलाच नसायचा. एक नंबर असतो, ठळक असतो, पण तो मॉडेलचा नव्हे. मग तो कशाचा, हे शोधण्यात माझे तीन वीकेंड गेले आणि त्यात मुळशी धरण, स्कॉटलंड, जपान आणि लुधियाना एवढं सगळं आलं. तेच आज लिहितोय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

तर झालं असं. आमच्या टीममधला एक मित्र मूळचा मुळशीचा, धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतला. (तसे आम्ही सगळेच रोज मुळशी तालुक्यात जातो. हिंजवडी मुळशी तालुक्यात येते. आयटी पार्कातल्या माणसाला हे सांगून बघा, दचकतो.) त्याच्या आजींचं हाताने फिरवायचं मशीन बंद होतं. खालचा धागा धरणारा जो भाग असतो, शटल, तो नातवंडांच्या खेळण्यात कुठेतरी गडप झाला होता. पौडला विचारून झालं, पिरंगुटला विचारून झालं. दोन्हीकडे गोल बॉबिन आणि तिची गोल केस पुढे करण्यात आली. आजींच्या मशीनमध्ये गोल काही बसतच नाही. एक जण म्हणाला, "आजी, हे आता कुणी वापरत नाही. मला द्या, हॉटेलवाले शोभेला घेतात. दीड हजार देतो." आजींनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. त्या मशीनवर वाडीतल्या पोरांची झबली, बायकांचे ब्लाऊज आणि परकर शिवले जातात. महिन्याला फार नसतील, पण आजींचे स्वतःचे म्हणावेत असे पैसे तेवढेच.

अशा वेळी 'कॉम्प्युटरवाला' म्हणून बोलावणं येतं. आम्हाला प्रिंटरपासून मायक्रोवेव्हपर्यंत सगळं कळतं असा लोकांचा समज आहे. असो.

मशीन ओळखताना पहिला नियम असा की नावाकडे बघायचंच नाही. आपल्याकडे जुनी मशीनं घासून, रंगवून, वर नवी सोनेरी नक्षी चिकटवून विकली गेली आहेत. वर सिंगर लिहिलेलं असेल आणि आतला बराच माल दुसरीकडचा असेल. तेव्हा नाव सोडा आणि पोट बघा. सुईखालच्या चकचकीत पट्ट्या सरकवायच्या. घरगुती जुन्या सिंगरमध्ये आपल्याला भेटतात ते मुख्य प्रकार तीन. डाव्या बाजूने हात घालून सुईखाली उभी गोल बॉबिन बसवायची असेल, तर ते क्लास १५. एक पट्टी सरकवली आणि गोल बॉबिन वरून आडवी टाकायची असेल, तर क्लास ६६, किंवा त्याचंच धाकटं भावंड ९९. आणि पुढे-मागे दोन लांब पट्ट्या सरकत असतील, आणि खाली एक छोटी होडी चाक फिरवलं की झोक्यासारखी मागेपुढे जात असेल, तर क्लास २७ किंवा २८. त्या होडीच्या पोटात लांबट, डंबेलसारखी बॉबिन बसते.

आजींच्या मशीनमध्ये झोका होता, होडी नव्हती. म्हणजे २७ किंवा २८. दोन्हींत फरक अंगकाठीचा: २७ चं बूड साधारण साडेचौदा इंच लांब, २८ चं साडेबाराच्या आत. टेपने मोजलं, २८ निघालं. पुढे या दोघांच्या सुधारित आवृत्त्याही आल्या, १२७ आणि १२८. त्यांत बॉबिन भरायचं चक्र वर सरकलं आणि शटल बाहेर काढायला छोटी कळ आली. पण आपल्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की या चारही मशीनना एकच शटल चालतं. आमच्या भाषेत सांगायचं तर व्हर्जन बदललं, इंटरफेस तोच ठेवला.

मग हे शटल पौडला का मिळू नये? सिंगरने अशी मशीनं लाखांनी विकली होती ना?

विकली होती. पण पुढे जग जिंकलं ते क्लास १५ ने. त्याची मूळ रचना १८७९ ची, म्हणजे दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा तिची पेटंटं केव्हाच इतिहासजमा झाली होती. युद्धानंतर जपानला निर्यात करायला काहीतरी हवं होतं आणि शस्त्रं बनवणारे कारखाने रिकामे पडले होते. तिथे क्लास १५ हा नमुना धरून घरगुती मशीनचा एक मानक ठरला, एचए-१. मापं पक्की झाली, त्यामुळे एका कारखान्याचा भाग दुसऱ्या कारखान्याच्या मशीनला बसू लागला. कुणीही सुटे भाग आणावेत, जोडावेत, वर आपलं नाव लावावं. जपानी मशीनं शेकडो वेगवेगळ्या नावांनी जगभर गेली, पोट सगळ्यांचं एकच.

आपल्याकडेही तेच घडलं, पण आपल्या पद्धतीने. कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने १९३० च्या दशकाच्या मध्यात उषा मशीन बनवायला घेतलं. पुढे ही कंपनी लाला श्रीराम यांच्या समूहाकडे आली. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली आणि देशी मशीनला मैदान मोकळं झालं. लुधियानात सुटे भाग बनवणाऱ्या लहान-लहान कारखान्यांचं जाळंच उभं राहिलं. आपण ज्याला 'साधं काळं मशीन' म्हणतो, ते कुठल्याही नावाचं असो, आतून बहुतेक क्लास १५ चंच वंशज असतं. म्हणून पौडचा दुकानदार मॉडेल न विचारता गोल बॉबिन पुढे करतो, आणि शंभरातल्या नव्याण्णव गिऱ्हाइकांच्या बाबतीत तो बरोबरच असतो. आजी शंभराव्या निघाल्या.

ज्यांना सॉफ्टवेअरचा थोडा गंध आहे त्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. दोन डिझाइनं असतात. एकाचा स्पेक मोकळा होतो आणि तो कुणाच्या बापाचा राहत नाही. दुसरं चांगलं असूनही मूळ मालकाबरोबर म्हातारं होतं. होडीवालं मशीन आजही चालवून बघा, टाके असे सरळ आणि बारीक येतात की नव्या मशीनला लाज वाटावी.

आता नंबर. मशीनच्या उजव्या बाजूला, उभा खांब जिथे बुडाला मिळतो तिथे, तो कोरलेला होता. वर तेलाचा आणि धुळीचा थर बसलेला. रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसला. इंग्रजी वाय, आणि पुढे सात आकडे. सातांतला पहिला सहा.

सिंगरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून नंबराच्या आधी अक्षर लावायला सुरुवात केली. अक्षरावरून कारखाना कळतो आणि साधारण काळही. जी म्हणजे अमेरिकेतलं एलिझाबेथ, सी म्हणजे जर्मनीतलं विटेनबर्गे. एफ आणि त्यानंतर वाय म्हणजे स्कॉटलंडमधलं क्लाइडबँक. वाय मालिका १९२१ च्या सुमारास सुरू झाली आणि १९३५ मध्ये संपली. पुढे दोन अक्षरं लावायला लागले. हे नंबर कारखान्याला गठ्ठ्याने वाटून दिले जात, आणि कंपनीच्या वहीतली तारीख त्या वाटपाची असते. मशीन प्रत्यक्षात बनायचं, बोटीत चढायचं, मुंबईला उतरायचं ते त्यानंतर. म्हणजे या नंबरावरून 'याच्या आधी नाही' एवढं खात्रीने सांगता येतं.

क्लाइडबँकबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. ग्लासगोजवळचा हा कारखाना १८८५ मध्ये सुरू झाला. १९१३ साली तिथून वर्षभरात तेरा लाखांवर मशीनं बाहेर पडली. तिथे १९११ मध्ये कमी बायकांकडून जास्त काम काढून घेण्यावरून अकरा हजारांच्या आसपास कामगारांचा संप झाला, तो फसला, आणि पुढाऱ्यांना घरी बसवण्यात आलं. कारखाना १९८० मध्ये बंद पडला. तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव मात्र अजून सिंगरच आहे. आपल्याकडे ही मशीनं मुंबईतून खपवली ती नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला आणि विसाव्याच्या सुरुवातीला हिंदुस्थानातला सिंगरचा कारभार त्यांच्याकडे होता. मशीन हप्त्याने देण्याची सिंगरची पद्धत त्यांनी इथे राबवली. शिंप्याला एकरकमी किंमत परवडणं शक्यच नव्हतं, हप्ता परवडायचा.

तर, वाय मालिकेतला साठ लाखांच्या पुढचा नंबर. म्हणजे १९२० च्या दशकाची शेवटची दोन-तीन वर्षं.

मी हे मोठ्याने वाचलं आणि मित्र एकदम गप्प झाला. मला बाहेर ओट्यावर घेऊन गेला आणि म्हणाला, हे आजीला सांगू नको.

का, तर घरात या मशीनची एक गोष्ट आहे. आजींच्या सासूबाईंनी ती सांगितली, आजींनी मुलांना सांगितली, मुलांनी नातवंडांना. धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा जुन्या घरातून तीनच गोष्टी डोक्यावर घेऊन लोक वर आले: देव, जातं आणि हे मशीन.

इथे ज्यांना मुळशी म्हणजे फक्त पावसाळ्यातली भजी आणि रिसॉर्ट माहीत आहे त्यांच्यासाठी थोडा इतिहास. निळा आणि मुळा नद्यांच्या संगमाजवळ टाटांच्या कंपनीने धरण बांधायला घेतलं. पाणी पश्चिमेला वळवून सह्याद्रीच्या कड्यावरून खाली भिऱ्याला न्यायचं आणि तिथे वीज करून मुंबईला द्यायची, अशी योजना. टाटांची खोपोलीची वीज १९१५ मध्ये सुरू झाली होती, भिवपुरीची १९२२ मध्ये झाली, भिऱ्याची १९२७ मध्ये. पन्नासहून अधिक गावं आणि सुमारे अकरा हजार माणसं या पाण्याच्या आड येत होती. जमीन घेतली १८९४ च्या भूसंपादन कायद्याने, एका खाजगी कंपनीसाठी. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. बायका कडेवर पोरं घेऊन खोदकामाच्या जागी जाऊन बसल्या. सेनापती बापटांना 'सेनापती' म्हणू लागले ते इथून. पण बरीचशी जमीन कागदावर पुण्याच्या सावकारांच्या नावावर होती, कसणारे मावळे वेगळे. सावकारांपैकी अनेकांना मोबदला चालणार होता. राजेंद्र व्होरा यांनी 'मुळशी सत्याग्रह' या पुस्तकात हे सगळं फार बारकाईने मांडलं आहे. ज्यांना हे दुखणं समजून घ्यायचंय त्यांनी ते जरूर वाचावं. १९२४ मध्ये सत्याग्रह विझला, त्याच वर्षाच्या शेवटी बापटांनी रेल्वेगाडीवर हल्ला केला आणि सात वर्षांसाठी तुरुंगात गेले. भिऱ्याची चाकं १९२७ मध्ये फिरू लागली.

आता तारखा शेजारी शेजारी ठेवा. घर पाण्याखाली गेलं ते १९२७ पर्यंत. मशीनचा नंबर क्लाइडबँकला वाटला गेला तो त्या सुमाराला किंवा त्यानंतर. त्यानंतर बोट, मुंबई, दुकान, आणि मग कुठे मुळशी. बुडालेल्या घरात हे मशीन असणं फार कठीण आहे.

सांगायचं की नाही? मित्राचं म्हणणं असं की नंबर आपल्याला शटलसाठी हवा होता, इतिहासासाठी नाही. बरोबर होतं. शटल शोधायला सनाची गरजच नव्हती, पोट बघून काम झालं होतं. पण मी आत जाऊन बसलो तर आजींनीच विचारलं, "काय गावलं रं नंबरात?" त्यांना नंबर होता हे ठाऊक होतं. साठ-सत्तर वर्षं त्यांनी ते मशीन पुसलंय. अक्षरओळख नसली तरी तिथे काहीतरी लिहिलंय हे बोटांना माहीत होतं. समोरून विचारल्यावर खोटं बोलणं मला जमलं नाही. सांगितलं. म्हटलं, आजी, हे मशीन पाणी आल्यानंतर बनलेलं दिसतंय.

त्या जरा वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, "आसंल. देव आन् जातं खालनं आलं, ते खरं हाय. मशीन मागनं आलं आसंल. मामंजी परळला गिरणीत व्हते न्हवं." आणि थोड्या वेळाने, "पर डोक्यावरनंच आलं आसंल बरं का. रस्ता कुठं व्हता?"

मित्राला मामंजींच्या गिरणीची गोष्ट नवी होती. त्याच्या पिढीपर्यंत ती पोचलीच नव्हती. मशीन धरणाच्या गोष्टीत जाऊन बसलं आणि परळची पाच-सात वर्षं बाहेर पडली. त्या घरात त्या काळातला दुसरा एकही कागद नाही. जमीन नावावर नव्हतीच, त्यामुळे मोबदल्याचं कुठलं पत्र येणार? तारीख लावता येईल अशी घरातली एकमेव गोष्ट म्हणजे लोखंडात कोरलेला हा नंबर. तोही स्कॉटलंडच्या कारखान्याने आपल्या हिशेबासाठी घातलेला.

आणि हे सगळं डोक्यात फिरत असताना एक गोष्ट लक्षात आली, ती लिहून टाकतो. मुंबईच्या गिरण्या तेव्हा टाटांच्या विजेवर चालायला लागल्या होत्या. मामंजींच्या गिरणीचा पट्टा कुठल्या पाण्यावर फिरत होता हे मी सांगू शकत नाही, पण मुळशीचं पाणी विजेच्या तारेतून मुंबईला गेलं आणि मुळशीची माणसंही पोटासाठी तिकडेच गेली, एवढं नक्की. तिथल्या पगारातून जे मशीन आलं ते हाताने फिरवायचं. वीज वाडीत आली तेव्हा आजींची धाकटी मुलं शाळेत जात होती.

गांधीजींची आठवण इथे निघतेच. १९२१ मध्ये 'यंग इंडिया'त त्यांनी टाटांना उद्देशून लिहिलं होतं, की एका जरी गरिबाच्या मर्जीविरुद्ध होणार असेल तर या योजनेच्या फायद्यांचं मोल काय. आणि सत्याग्रह संपला त्याच १९२४ साली दिल्लीत रामचंद्रन नावाच्या तरुणाने त्यांना विचारलं, तुमचा सगळ्याच यंत्रांना विरोध आहे का? तेव्हा त्यांनी अपवाद म्हणून नाव घेतलं ते सिंगरच्या शिलाई मशीनचं. बायकोचे शिवणाचे कष्ट बघवेनात म्हणून सिंगरने ते शोधलं, अशी त्यांची समजूत होती. (सिंगरचे एकाच वेळी किती संसार चालू होते हे त्यांना कुणी सांगितलं नसावं.) रामचंद्रन हुशार. तो म्हणाला, मग ही मशीनं बनवायला मोठे कारखाने लागतील त्याचं काय? गांधीजी म्हणाले, लागतील, पण ते सरकारच्या ताब्यात असावेत. एकाच माणसाने धरणाबद्दल एक आणि मशीनबद्दल दुसरं म्हटलं यात मला विसंगती वाटत नाही. एक गोष्ट घरात येते, दुसरी घर घेऊन जाते.

असो, शटलकडे वळू. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात दोन रविवार घालवले. पहिल्या रविवारी फक्त गोल बॉबिन आणि 'ऍंटिक पीस साहेब' म्हणून ग्रामोफोन. जुन्या सिंगरच्या किमतींना मधूनमधून वेड लागतं, हेही तिथेच आठवलं. २००९ मध्ये सौदी अरेबियात अफवा उठली होती की या मशीनच्या सुईत 'लाल पारा' असतो, आणि लोकांनी वेड्यासारखे पैसे मोजले होते. दुसऱ्या रविवारी एका चाचांच्या पत्र्याच्या डब्यात, कुलपं आणि घड्याळाच्या चाव्या यांच्या खाली, होडी सापडली. भिंग लावून बघितलं: बारीक अक्षरांत सिमॅन्को. सिंगर मॅन्युफॅक्चरिंग कंपनीची ही खूण, आणि शेजारी भागाचा नंबर. सिंगर आपल्या अनेक सुट्या भागांवर हे ठोकायची. मशीनवर मॉडेल लिहिणार नाही आणि एवढ्याशा भागावर नंबर घालणार, असं हे अजब डॉक्युमेंटेशन. पण दुरुस्ती करणाऱ्याला मॉडेल नकोच असतं, भागच हवा असतो. चाचा तीनशे म्हणाले, अडीचशेला दिलं.

होडीला लागणारी लांब बॉबिन, सिंगरच्या यादीतला नंबर ८२२८, नवीही बनते. मी ऑनलाइन पाचांचं पाकीट मागवलं होतं. त्यातल्या दोन किंचित लांब निघाल्या आणि होडीत अडकायला लागल्या. आजींनी सुपारीच्या डबीतून आपल्या दोन जुन्या बॉबिन काढल्या, धागा भरला, होडी झोक्यात ठेवली. चार-पाच फेऱ्या मोकळ्याच फिरवल्या, आवाज ऐकला, मागच्या बाजूला दोन थेंब तेल सोडलं आणि चिंधीवर टाका घालून बघितला. खालचा धागा थोडा सैल पडत होता. शटलवर केसाएवढा एक स्क्रू असतो, तो मी छोट्या स्क्रूड्रायव्हरने पाव फेरा आवळला. टाका बसला.

सुया संपत आल्या होत्या, त्या मात्र पौडलाच मिळाल्या. पाकिटावर एचए × १ छापलं होतं, जपानी मानकाचं नाव, आणि खाली कंसात जुनं सिंगरचं, १५ × १. पोट कुठलंही असो, सुई दोघांची एकच आहे.